पोच

भांडुप पश्चिमेला, कोकणनगरच्या अंगाला, कणकवली तालुक्यातल्या एका गावाच्या मुंबई मंडळाची खोली आहे. दहा बाय बारा, वर पत्रा, भिंतीवर ग्रामदेवतेचा फोटो आणि त्याखाली वर्गणीच्या वह्यांनी भरलेलं लोखंडी कपाट. जीकेडब्ल्यू, सिएट, एशियन पेंट्स ही नावं सांगून माणसं भांडुपचा पत्ता सांगायची, त्या काळात गावाहून आलेला गडी आधी या खोलीत वळकटी टाकायचा आणि मग कारखान्याचं गेट बघायचा. त्यातली बहुतेक गेटं बंद झाली, तिथे टॉवर उठले. खोली मात्र राहिली. दहावी-बारावीचा गुणगौरव, कुणाच्या आजारपणाला मदत आणि गणपतीला गावी जायचं एसटीचं ग्रुप बुकिंग, एवढी मंडळाची कामं. त्यातलं शेवटचं सगळ्यात मोठं. गुणगौरवाला न येणारा माणूसही बुकिंगच्या दिवशी हजर असतो.

२०२४च्या सुरुवातीला मंडळाला संकेतस्थळाची हौस आली. वर्गणीदारांची नातवंडं इंग्रजी माध्यमात, काही घरं मस्कत-दुबईला, म्हणून साइट मराठी आणि इंग्रजी अशी दोन्ही भाषांत असावी असं ठरलं. चिटणिसांचा पुतण्या ऐरोलीला एका कंपनीत कामाला. तो म्हणाला, "मी करतो. पैसे नकोत, फक्त मधे कुणी बोलू नका."

मंडळात ही अट कोण पाळणार! पण काम त्याला मिळालं.

पुतण्याने वर्डप्रेस घेतलं. ते २००३पासून फुकट मिळतं आणि जगातल्या असंख्य साइट त्यावर चालतात. वर एक तयार थीम चढवली. थीम म्हणजे साइटचा बाहेरचा पोशाख: रंग, मथळे, मेनू, तळपट्टी. बाजूच्या पट्टीत विजेट बसवले. शोधायची चौकट, ताज्या बातम्या, पुढचे कार्यक्रम, महिन्यावार जुन्या नोंदी असे छोटे छोटे डबे. थीम बनवणारा माणूस दूरच्या कुठल्या तरी देशातला, त्याने सगळे शब्द इंग्रजीत लिहिलेले. पण असल्या कामात एक जुनी, चांगली रीत आहे. शहाणा प्रोग्रॅमर पडद्यावर दिसणारं प्रत्येक वाक्य खुणेच्या वेष्टणात गुंडाळून ठेवतो. मग ती सगळी वाक्यं आपोआप एका यादीत निघतात. या यादीला पीओ फाइल म्हणतात. वर मूळ वाक्य, खाली भाषांतराला रिकामी जागा. गेटटेक्स्ट नावाची ही पद्धत १९९०च्या दशकापासून चालत आली आहे. भाषांतर करणाऱ्याला प्रोग्रॅमचं ओ की ठो कळत नसलं तरी चालतं. रिकाम्या जागा भरायच्या, त्यातून एमओ नावाची यंत्राला वाचता येणारी फाइल तयार होते आणि साइट मराठीत बोलू लागते.

पुतण्याने अशा याद्या भरायचं पोएडिट हे सॉफ्टवेअर उघडलं आणि रात्री जागून यादी भरून काढली. पोएडिटच्या तळाशी किती टक्के काम झालं ते दिसतं. आकडा शंभरावर गेला तेव्हा त्याने त्याचा फोटो काढून मंडळाच्या ग्रुपवर टाकला. पन्नास अंगठे आले.

मग भाषा तपासायला मास्तर बसले. मास्तर महापालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेले, मंडळाच्या स्मरणिकेचे कायमचे संपादक. त्यांनी पहिल्याच मेनूवर बोट ठेवलं: 'मुखपृष्ठ' की 'मुख्यपृष्ठ'? मुखपृष्ठ पुस्तकाचं असतं, साइटचं मुख्यपृष्ठ, हे त्यांचं म्हणणं. कोषाध्यक्ष म्हणाले, 'होम' लिहा, सगळ्यांना कळतं. तीन सभा या एका शब्दावर गेल्या, चहाचा खर्च वेगळा. मथळ्याची अक्षरं मात्र कुणाला खटकली नाहीत. थीमने इंग्रजीच्या सोयीने अक्षरांत फट सोडली होती, त्यामुळे मराठीची शिरोरेषा तुटून पडली होती आणि वरच्या वेलांट्या कापल्या जात होत्या. ते पुतण्याच्याच ध्यानात आलं. त्याने फट काढली, ओळींमधलं अंतर वाढवलं आणि मुंबईच्याच 'एक टाइप' या मंडळींनी घडवलेला 'मुक्ता' फॉन्ट लावला. पोरगा कामाचा होता, यात वाद नाही.

महाराष्ट्र दिनाला नारळ फुटला. मोठ्या पडद्यावर साइट उघडली. वर देवळाचा फोटो, खाली मास्तरांचा गावाचा इतिहास, उजवीकडे विजेट, सगळं झकास मराठीत. कोपऱ्यातलं बटण दाबलं की पान इंग्रजीत, परत दाबलं की मराठीत. पुतण्याने ते बटण इतक्या वेळा दाबून दाखवलं की शेवटी अध्यक्षांनी स्वतः दाबून बघितलं. टाळ्या झाल्या, पेढे झाले.

जुलैत बुकिंगचा फॉर्म साइटवर लागला. या वर्षी वहीत नाव लिहायचं नाही, ज्याने त्याने मोबाइलवरून भरायचं, असा ठराव झाला.

खिंडीपाड्याला राहणाऱ्या एक काकी आहेत. त्यांच्या मालकांचं आयुष्य जीकेडब्ल्यूत गेलं. काकी आता पोळीभाजीचे डबे करतात. काकींनी फॉर्म स्वतः भरला. मुलगा म्हणत होता मी भरतो, पण त्या म्हणाल्या, मराठीत आहे ना, मग मला येतं. नाव लिहिलं, वाडी लिहिली. सासू, मुलगा, सून, नातू आणि आपण, मिळून पाच माणसं. फोन नंबर लिहिला. बटण दाबलं. खाली तांबड्या अक्षरांत एक ओळ आली. काकींनी फोन ठेवला आणि कणीक मळायला घेतली.

त्या वर्षी ३ सप्टेंबरला एसटी कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला. गणपती ७ तारखेला. कोकणातल्या माणसाच्या पोटात गोळा येणं म्हणजे काय, ते त्या दोन दिवसांत कोकणनगरला यावं आणि बघावं. ४ तारखेला संध्याकाळी संप मिटला, ५ तारखेच्या रात्री मंडळाच्या दोन गाड्या एलबीएस रोडला लागल्या. पुतण्या छापील यादी घेऊन दारात उभा. नावं पुकारली गेली. काकींचं नाव आलं नाही. पुन्हा बघितलं, दुसऱ्या गाडीची यादी बघितली. नाहीच.

"काकी, तुम्ही फॉर्म भरलाच नाही."

"भरलंय रे झिला. जुलैतच भरलंय."

गाडी भरलेली. संपामुळे धास्तावलेली माणसं, एकही जागा सोडायला कुणी तयार नाही. शेवटी म्हाताऱ्या सासूला कुणी तरी खिडकी दिली, सून नातवाला मांडीवर घेऊन कडेला टेकली. काकी आणि मुलगा सामानासकट घरी परतले, पहाटेच्या लोकलने दिव्याला गेले आणि दिवा–सावंतवाडी गाडीत कणकवलीपर्यंत उभे राहिले. गणेशशाळेतून मूर्ती वेळेत घरी आली. म्हणजे अनर्थ काही झाला नाही. असल्या गोष्टींत अनर्थ होत नाही म्हणूनच त्या वर्षानुवर्षं तशाच राहतात.

ऑक्टोबरमध्ये सभा भरली. ३ तारखेलाच केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला होता, त्यामुळे पहिला विषय अभिनंदनाचा ठराव. मास्तर तो वाचताना गहिवरले, आणि त्यांचं गहिवरणं खरं होतं. दुसरा विषय काकींची गाडी.

पुतण्याने लॅपटॉप फिरवून सगळ्यांना दाखवला. "हे बघा, भाषांतर शंभर टक्के. फॉर्म नीट चालतोय. यांनी फोन नंबर मराठी आकड्यांत लिहिला असणार. फॉर्मला फक्त इंग्रजी आकडे कळतात. त्याने तसं सांगितलं, एरर दिली. यांनी वाचली नाही."

काकी मागे बसल्या होत्या. त्या उठल्या नाहीत, बसूनच बोलल्या. "वाचलंय मां. खाली तांबड्या अक्षरांत इंग्रजीत कायतरी इला. माका वाटला, पोच इली."

सभा हसली. पुतण्याही हसला. कोपऱ्यात बसलेले आबा तेवढे हसले नाहीत.

आबांचं स्टेशनजवळ झेरॉक्सचं दुकान आहे. पूर्वी ते डीटीपी करायचे. मंडळाच्या जुन्या स्मरणिका त्यांनीच श्रीलिपीत जुळवल्या. युनिकोडच्या आधीचं ते काम, आज कुठल्याही मोबाइलवर उघडलं तर नुसती चिन्हांची रांगोळी दिसते. साइटवर गावाचा इतिहास टाकताना तो सगळा नव्याने टाइप करावा लागला होता. आता डीटीपी उरलं नाही. दिवसभर आबा लोकांचे फॉर्म भरतात. अकरावीचा प्रवेश, पॅन, रेशन, उत्पन्नाचा दाखला. माणूस कुठल्या चौकटीपाशी अडतो हे त्यांना डोळे मिटून सांगता येतं.

आबा म्हणाले, "काकीचं काय चुकलं? आजवर तिने बँकेत, हॉस्पिटलात, रेशनच्या ऑफिसात जे काम केलं, त्याच्या शेवटी हातात काय पडलं? इंग्रजीत छापलेला कागद. तो पडला म्हणजे काम झालं. इथेही वरपासून सगळं मराठीत आणि शेवटी एक ओळ इंग्रजीत. तिने पोच नाही समजायची तर काय समजायचं?"

यावर सूचना आल्या. कोषाध्यक्ष म्हणाले, पुन्हा वही काढा. एक तरुण म्हणाला, आकड्यांचा प्रश्न आहे तर इंग्रजी आकड्यातच लिहा असं वर ठळक टाका. मास्तर म्हणाले, अभिजात भाषेचे आकडेही न कळणारं यंत्र काय कामाचं. आबा पुतण्याला एवढंच म्हणाले, "उद्या दुकानात ये. लॅपटॉप आणू नको. काकी, तुम्हीही या."

दुसऱ्या दिवशी दुपारी, गिऱ्हाईक कमी असताना, दुकानातल्या बाकावर काकी, एक रिक्षावाला वर्गणीदार आणि बारावीतली एक मुलगी, असे तिघं आपापला फोन घेऊन बसले. पुतण्याच्या हातात आबांनी झेरॉक्स बिघडलेल्या कागदांचा गठ्ठा आणि पेन दिलं.

"आता हे तिघं चुका करणार. जाणूनबुजून. तू त्यांना काही सांगायचं नाही. पडद्यावर इंग्रजी दिसलं की लिहून घ्यायचं."

"पण आबा, थीम शंभर टक्के..."

"तुझे शंभर टक्के यादीचे. यादीत जे आलंच नाही ते टक्क्यांत धरलंय कुणी?"

रिक्षावाल्याने सगळा फॉर्म रिकामा ठेवून बटण दाबलं. 'वन ऑर मोर फील्ड्स हॅव ॲन एरर. प्लीज चेक ॲण्ड ट्राय अगेन.' पुतण्याने लिहिलं. मुलीने मार्कशीटचा फोटो चढवला, फोटो मोठा होता, इंग्रजीत नकार आला. लिहिलं. काकींनी शोधायच्या चौकटीत 'एष्टी' असं लिहिलं. 'नथिंग फाउंड'. रिक्षावाल्याने ग्रुपवर आलेली जुनी लिंक दाबली, ते पान केव्हाच काढलं होतं, समोर मोठ्या अक्षरात इंग्रजी माफीनामा. मुलीने फॉर्म बरोबर भरला तर तिच्या ईमेलवर पोच आली, तीही इंग्रजीत. विजेटचे मथळे काही मराठीत, काही इंग्रजीत. म्हणजे महाराष्ट्र दिनाला ज्या पडद्याला टाळ्या पडल्या तिथेसुद्धा खाली सरकवलं की 'अपकमिंग इव्हेंट्स' असा एक डबा होता. तळापर्यंत सरकवायचं त्या दिवशी कुणाला सुचलं नव्हतं.

एक पाठपोट कागद भरला.

मग पुतण्या प्रत्येक ओळ येते कुठून ते शोधायला लागला, आणि इथे खरी गंमत होती. सगळे शब्द एका जागी राहत नाहीत. थीमच्या लेखकाने वेष्टणात गुंडाळलेले शब्द पीओ फाइलमध्ये येतात, ते झाले होते. पण विजेटला मथळा देतो साइट चालवणारा. तो मथळा थीममध्ये नसतो, तो साइटच्या डेटाबेसमध्ये जाऊन बसतो. पीओ फाइल कितीही भरा, तिला त्याचा पत्ताही नसतो. त्यासाठी पॉलिलँगसारख्या बहुभाषी प्लगइनमध्ये, म्हणजे साइटला वरून जोडलेल्या प्रोग्रॅममध्ये, वेगळी यादी असते, किंवा मग मराठीसाठी एक विजेट आणि इंग्रजीसाठी दुसरं लावून, कुठलं कोणत्या भाषेत दिसावं ते ठरवावं लागतं. थीमच्या सेटिंगमध्ये आपण टाइप केलेली तळओळ, बटणावरचा मजकूर, त्यांचंही तेच. फॉर्मचं प्लगइन तिसरीकडे. कॉन्टॅक्ट फॉर्म ७ हे फार वापरलं जाणारं प्लगइन. त्यात चुकांचे, यशाचे, नकाराचे सगळे निरोप त्या त्या फॉर्मसोबतच साठवलेले असतात. फॉर्म तयार करताना जी भाषा होती त्या भाषेत ते गोठतात. नंतर प्लगइनचं मराठी भाषांतर बसवलं तरी जुन्या फॉर्मचे निरोप बदलत नाहीत. आत जाऊन हाताने लिहावे लागतात. पुतण्याने फॉर्म इंग्रजीत तयार केला होता आणि वरची चौकटींची नावं तेवढी मराठीत बदलली होती. आणि एक ओळ तर साइटचीच नव्हती. दुसऱ्या एका पानावर रिकाम्या चौकटीशेजारी उगवणारा छोटा फुगा ब्राउझरचा स्वतःचा. फोनमधलं ब्राउझर ज्या भाषेत, त्या भाषेत तो बोलतो.

"म्हणजे मी जे केलं ते अर्धंच," पुतण्या म्हणाला.

आबा स्टेपलर भरत होते. "तू भांडुपचाच ना? मुंबईच्या पाण्याचा मोठा वाटा आपल्या इथे भांडुप संकुलात गाळला जातो. आशियातलं मोठ्यात मोठं गाळण केंद्र म्हणून आपणच मिरवतो. आणि त्याच्याच बाजूच्या टेकडीवर बाया हंडे घेऊन चढतात. केंद्राचं काम शंभर टक्के आहे रे. विचारायचं तिला, जिच्या डोक्यावर हंडा आहे."

त्यानंतरचे काही रविवार पुतण्या दुकानातच बसला. क्रम आबांनी लावून दिला: माणूस अडतो तिथले शब्द पहिले, काम झाल्याचे शब्द दुसरे, मिरवायचे शब्द शेवटी. त्याने थोडा कोड लिहून मराठी आकड्यांचे इंग्रजी आकडे आपोआप करून घेतले, म्हणजे काकींनी कुठल्याही आकड्यांत नंबर लिहिला तरी फॉर्म मुकाट्याने घेईल. निरोप लिहायला मास्तरांना बोलावलं. मुख्यपृष्ठाच्या वादात चेष्टेचा विषय झालेले मास्तर इथे मात्र वस्ताद निघाले. आयुष्यभर शाळेच्या फळ्यावर पालकांसाठी सूचना लिहिलेला माणूस. त्यांनी प्रत्येक निरोपात दोनच गोष्टी ठेवल्या: काय झालं आणि आता काय करायचं. 'फॉर्म अजून पोचलेला नाही. तांबडी खूण आहे ती चौकट भरा आणि पुन्हा पाठवा.' यशाच्या निरोपात पोच क्रमांक, माणसांची संख्या आणि शंका असेल तर कुणाला फोन करायचा ते.

विभक्तीचा गुंताही त्यांनीच सोडवला. थीममध्ये वाक्यांचे साचे असतात. मधे एक खूण, तिथे यंत्र गावाचं, महिन्याचं किंवा माणसाचं नाव भरतं. इंग्रजीत नाव जसंच्या तसं बसतं. मराठीत पुढे प्रत्यय आला की नावाचं रूप कधी बदलतं, कधी नाही: कणकवलीच्या, ओरोसच्या, पण गाव असेल तर गावाच्या. पुतण्याने खुणेला सरळ 'च्या' चिकटवला होता, त्यामुळे 'मंडळच्या बातम्या', 'देऊळच्या जत्रा' असलं काहीतरी पडद्यावर येत होतं. मास्तरांनी त्याला सातवीच्या वर्गासारखं सामान्यरूप समजावलं आणि तोडगा काढला: प्रत्यय टाळा. 'विभाग: मंडळ. महिना: सप्टेंबर.' रुक्ष आहे, पण चुकत नाही. जिथे एका वाक्यात दोन खुणा होत्या तिथे खुणांना एक-दोन असे क्रमांक देता येतात, त्यामुळे मराठीत आधी तारीख आणि मग नाव असा क्रम फिरवता आला. एका ठिकाणी पुतण्याने भाषांतरात खूणच चुकून गाळली होती, तिथे शिल्लक जागांचा आकडाच गायब व्हायचा. बारावीतल्या मुलीने ती चूक पकडली.

गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती. पण डिसेंबरात थीमची नवी आवृत्ती आली. साइटवर आपोआप अद्ययावत होण्याची सोय चालू होती. रात्रीत थीम नवी झाली आणि सकाळी वरचा मथळा, मेनूजवळची ओळ, 'पुढे वाचा'ची बटणं, सगळं परत इंग्रजीत. कारण असं की थीमच्या लेखकाने हे शब्द वेष्टणात गुंडाळायचे विसरून तसेच सोडले होते, आणि महाराष्ट्र दिनाच्या घाईत पुतण्याने सरळ थीमच्या फाइलीत घुसून इंग्रजी खोडून मराठी टाइप केलं होतं. नवी आवृत्ती आली की जुन्या फाइली पुसल्या जातात, सोबत त्यांत हाताने केलेले बदलही. ज्या पडद्याला नारळ फुटला होता तो पडदाच गेला.

पुतण्याला ते कळलं आठवड्यानंतर. तेही त्याचं त्यालाच दिसलं. आठवडाभर मंडळातल्या एकाही माणसाचा फोन आला नव्हता. अध्यक्षांचा नाही, बटण दाबून बघणाऱ्यांचा नाही, मास्तरांचासुद्धा नाही.

त्याच आठवड्यात एका जुन्या फॉर्ममध्ये पोचेचा ईमेल इंग्रजीतच राहिला होता, तेव्हा मात्र काकींचा फोन संध्याकाळच्या आत आला होता. "झिला, ह्या पोच हा काय नाय हा?" आता त्या विचारत होत्या, हे लक्षात घ्या.

या वेळी पुतण्याने काम रीतीने केलं. मूळ थीमला हात न लावता तिच्यावर आधारलेली चाइल्ड थीम केली आणि आपले बदल तिच्यात ठेवले. भाषांतराच्या फाइली थीमच्या फोल्डरमधून काढून वर्डप्रेसच्या वेगळ्या भाषा-फोल्डरमध्ये ठेवल्या, तिथे थीम बदलली तरी त्यांना धक्का लागत नाही. थीमच्या लेखकाला लिहून कळवलं की अमुक अमुक शब्द वेष्टणात नाहीत. लेखकाने पुढच्या आवृत्तीत ते गुंडाळले, आभारही मानले. आणि आपली मराठी यादी त्याने वर्डप्रेसच्या भाषांतराच्या सामाईक ठिकाणी नेऊन भरली. तिथे कुणालाही खातं काढून भाषांतर सुचवता येतं, जाणती मंडळी ते तपासून मंजूर करतात आणि मग ते त्या थीमच्या प्रत्येक मराठी साइटला आपोआप मिळतं. मंजुरीला वेळ लागला. दोन सुचवण्या नाकारल्या गेल्या आणि त्या नाकारल्या हे बरंच झालं, कारण त्यांत मंडळाचं नाव राहून गेलं होतं.

पुतण्या सभेत आता टक्के सांगत नाही. विचारलं तर म्हणतो, आबांना विचारा.

२०२५चे गणपती २७ ऑगस्टला होते. जुलैत फॉर्म लागला, त्याच्या आदल्या आठवड्यात तो आबांच्या दुकानात चुकीचा भरून झाला होता. मंडळाच्या इतिवृत्तात त्याची आता नोंदच आहे: कोणतेही नवे पान वर्गणीदारांपैकी किमान तिघांनी चुकीचे भरून पाहिल्याशिवाय सुरू करू नये, सूचक आबा, अनुमोदक काकी, ठराव एकमताने मंजूर. गाडीच्या यादीत काकींचं नाव होतं, पाच माणसांसह, पोच क्रमांकासह. मुखपृष्ठ की मुख्यपृष्ठ हा विषय पुढच्या सभेवर आहे.

तुमच्या सोसायटीची, शाळेची, वाचनालयाची मराठी साइट असेल तर आज रात्री ती मोबाइलवर उघडा, एखादा फॉर्म रिकामाच पाठवा आणि खाली जे काही उमटेल ते, घरात जे कुणी इंग्रजी वाचत नाहीत, त्यांना दाखवून काय समजलं ते विचारा.